हिस्ट्री डिलीट केली का? सामायिक संगणकावरच्या खासगीपणाची गोष्ट

१/
हडपसर म्हटले की इतिहासप्रेमींना २५ ऑक्टोबर १८०२ हा दिवस आठवतो. ऐन दिवाळीत यशवंतराव होळकरांनी येथे पेशवे आणि शिंदे यांच्या संयुक्त फौजेचा पराभव केला. दुसरा बाजीराव पुणे सोडून निघाला आणि वर्ष सरता सरता वसईचा तह झाला. हा इतिहास पुसणे कोणाच्याही हातात नाही. प्रस्तुत धाग्याचा विषय मात्र असा इतिहास आहे, जो लोक रोज उठताना स्वतःच्या हाताने पुसत आले. त्याला मराठीतही ‘हिस्ट्री’च म्हणतात.

२/
सायबर कॅफेत तास संपत आला की शेजारच्या खुर्चीवरून हमखास दबक्या आवाजात विचारले जाई : “हिस्ट्री डिलीट केली का?” गाडीतळापासून कॅम्पपर्यंत, महाविद्यालयांभोवतीच्या गल्ल्यांतून एका पिढीने इंटरनेट पाहिले ते याच प्रश्नासह. ‘खासगी’ या शब्दाचा व्यवहारातला अर्थ ही पिढी तेथेच शिकली आणि तो अर्धवट शिकली. अर्धवट कसा, हे समजण्यासाठी थोडे मागे जावे लागते.

३/
भारतात पोस्टकार्ड आले १८७९ मध्ये, किंमत पाव आणा. स्वस्त, पण उघडे. पोस्टमनपासून शेजाऱ्यापर्यंत कोणीही वाचावे असे. त्यामुळे कार्डावर ‘सर्व क्षेम’ आणि खरी गोष्ट पाकिटात, अशी विभागणी घरोघर रुळली. पाकिटाला पैसे अधिक पडत. खासगीपणाला किंमत असते, हे आपल्याकडे डाकखात्याने फार पूर्वी शिकवले होते.

४/
सायबर कॅफेचा थेट पूर्वज मात्र पोस्टकार्ड नव्हे, एसटीडी-पीसीओ. ऐंशीच्या दशकाच्या अखेरीपासून पिवळ्या पाट्यांची ही दुकाने गावोगाव उभी राहिली. काचेच्या केबिनमध्ये शिरून दार लावले की बोलणे बाहेर ऐकू जात नसे. पण बाहेर आल्यावर यंत्रातून बिलाची चिठ्ठी निघे आणि तिच्यावर लावलेला क्रमांक, वेळ, मिनिटे असा सगळा तपशील छापलेला असे. शिवाय फोनवर ‘रीडायल’चे बटण होतेच. पुढच्या माणसाने ते दाबले की आधीचा माणूस कोणाशी बोलला ते उघड. आवाज झाकला जाई, माग राहून जाई. पुढची सगळी कथा या दोन गोष्टींमधल्या अंतराची आहे.

५/
१५ ऑगस्ट १९९५ रोजी विदेश संचार निगमने मुंबई, दिल्ली, कलकत्ता आणि मद्रास येथे सर्वसामान्यांसाठी इंटरनेट खुले केले. पुणे त्यानंतर लवकरच जोडले गेले. १९९८ च्या नोव्हेंबरमध्ये खासगी कंपन्यांनाही ही सेवा देण्याची मुभा मिळाली आणि कॅफेंचा खरा काळ सुरू झाला. अनेक पीसीओचालकांनीच दुकानात दोन-चार संगणक मांडले. केबिन तीच, यंत्र नवे.

६/
येथे पुण्याशी नाते असलेला एक माणूस कथेत येतो. सबीर भाटिया. त्यांचे काही शालेय शिक्षण पुण्याच्या बिशप्स शाळेत झाले. १९९५ च्या सुमारास अमेरिकेत भाटिया आणि त्यांचे सहकारी जॅक स्मिथ नोकरीत असताना स्वतःच्या नव्या उद्योगाची आखणी करत होते. कंपनीच्या फायरवॉलमुळे त्यांना आपली वैयक्तिक ई-मेल खाती कार्यालयातून उघडता येत नव्हती आणि कंपनीची मेल वापरली तर मालकाला सुगावा लागण्याची भीती. म्हणून दोघे फ्लॉपी आणि कागद यांवरून मजकुराची देवाणघेवाण करत. ब्राउझरमधूनच उघडता येणारी, कोणत्याही संगणकावरून वापरता येणारी मेल हवी, ही कल्पना या अडचणीतून आली. ४ जुलै १९९६ रोजी हॉटमेल सुरू झाली.

७/
म्हणजे वेबमेलचा जन्मच मुळी ‘दुसऱ्याच्या संगणकावर आपले काम लपून कसे करावे’ या प्रश्नातून झाला. आणि याच वेबमेलमुळे कोट्यवधी लोक आपला पत्रव्यवहार अनोळखी यंत्रावर उघडू लागले. उपायातूनच पुढचा रोग निघाला. इतिहासात असे वारंवार घडते, पण इतक्या थोड्या वर्षांत क्वचितच.

८/
माग नेमका कोठे राहत असे? त्या काळच्या कॅफेंमध्ये बहुधा विंडोज ९८ असे. त्यात प्रत्येक गिऱ्हाइकाचे वेगळे खाते नसे. सकाळपासून रात्रीपर्यंत सगळे एकाच ‘घरात’ वावरत. ब्राउझर भेट दिलेल्या पानांची यादी ठेवी. पाने पुन्हा लवकर उघडावीत म्हणून चित्रे आणि मजकूर डिस्कवर साठवी. १९९९ च्या इंटरनेट एक्सप्लोरर ५ मध्ये तर अर्जात भरलेली नावे आणि पासवर्डही लक्षात ठेवण्याची सोय आली. घरच्या संगणकावर सोय, कॅफेत संकट. पत्त्याच्या पट्टीत एक अक्षर टाकावे आणि आधीच्या माणसाचे जग खाली उलगडावे.

९/
त्यात ‘कुकी’ची भर. लू मॉन्टुली यांनी १९९४ मध्ये नेटस्केपमध्ये ही युक्ती रचली. वेबच्या मूळ रचनेत संकेतस्थळाला पाहुणा आठवत नसे. प्रत्येक पान मागणारा जणू नवाच. खरेदीच्या टोपलीतले सामान लक्षात राहावे म्हणून पाहुण्याच्याच संगणकावर एक लहानशी खूणचिठ्ठी ठेवायची, अशी ही कल्पना. त्या चिठ्ठीमुळे लॉगिन टिकते. म्हणून ‘साइन आउट’ न करता नुसती खिडकी बंद करून उठलेल्या माणसाचे मेलखाते पुढच्या माणसासमोर उघडे राहण्याचे प्रकार घडत. ‘या संगणकावर मला लक्षात ठेवा’ या चौकोनातली बरोबरची खूण कितीजणांनी न वाचता तशीच राहू दिली असेल, याचा हिशेब कोणाकडे नाही.

१०/
जाणकार गिऱ्हाइके ‘टूल्स’मध्ये जाऊन हिस्ट्री पुसत, कुकीज काढत. तरीही इंटरनेट एक्सप्लोररच्या ‘इंडेक्स डॉट डॅट’ नावाच्या लपलेल्या फायलींत भेट दिलेले पत्ते उरत. पेशवे दफ्तराच्या रुमालांत बसणाऱ्या अभ्यासकाला हे ओळखीचे वाटेल. लिहिणाऱ्याला जे नष्ट झाले असे वाटत होते, ते कोणत्यातरी दुसऱ्या नोंदीत शिल्लक सापडते. काही कॅफेचालकांनी ‘डीप फ्रीझ’सारखे सॉफ्टवेअर वापरले. त्यात संगणक बंद करून पुन्हा सुरू केला की तो मूळ स्थितीला जाई आणि दिवसभराचे सारे नाहीसे होई. चालकाचा हेतू व्हायरस टाळण्याचा होता. गिऱ्हाइकाला खासगीपणा फुकट मिळाला. त्या काळातली सर्वांत भक्कम सोय ही अशी अभावितपणे मिळालेली होती.

११/
‘लपवायचे काय होते?’ या प्रश्नाला एक ठरलेले, हसून दिलेले उत्तर आहे. ते खोटे नाही, पण अपुरे आहे. घरी संगणक असला तर तो हॉलमध्ये असे, पडदा सर्वांकडे वळलेला. घरच्यांना न सांगता दुसऱ्या शहरातल्या नोकरीचा अर्ज भरणारी मुलगी, जातीबाहेरच्या जोडीदाराला मेल लिहिणारा मुलगा, डॉक्टरला विचारायची लाज वाटते असा आजार शोधणारा माणूस, यांना सर्वांत मोठी भीती सरकारची नव्हती. पुढच्या खुर्चीवर ओळखीचे कोणी बसेल, याची होती. समलिंगी व्यक्तींच्या बाबतीत तर कलम ३७७ खालचा गुन्हा ६ सप्टेंबर २०१८ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालापर्यंत टांगत्या तलवारीसारखा होता. आपल्यासारखे आणखी कोणी आहे, हे त्यांतल्या अनेकांना प्रथम अशाच एखाद्या तासाच्या भाड्याच्या पडद्यावर कळले. प्लायवूडच्या त्या कप्प्याचे मोल त्या तासापुरते फार होते.

१२/
आणि याच कप्प्यावर कायद्याची नजर गेली. २००१ मध्ये दोन नागरिकांच्या पत्राची दखल घेऊन मुंबई उच्च न्यायालयाने, इंटरनेटवरील अश्लीलतेपासून मुलांना कसे वाचवावे यासाठी समिती नेमली. सायबर कॅफेत ओळखपत्र पाहावे, अल्पवयीनांना बंद कप्प्यांत बसू देऊ नये, त्यांचे संगणक उघड्यावर असावेत, अशा शिफारशी पुढे आल्या. मुलांची काळजी खरी होती. परंतु प्रौढांचा खासगीपणाही त्याच दोरीने बांधला गेला, ही बाब चर्चेत मागे पडली.

१३/
दुसरे कारण दहशतवादाचे. कॅफेतल्या सर्व संगणकांना बाहेरच्या जगात मिळून एकच आयपी पत्ता असे. धमकीची मेल आली तर तपास दुकानापर्यंत पोचे, खुर्चीपर्यंत नाही. मग खुर्चीवर कोण होते हे सांगणारी वही हवी, ही पोलिसांची मागणी समजण्याजोगी होती. २००७ मध्ये तर मुंबईतल्या कॅफेंमध्ये कळफलकावरची प्रत्येक कळ टिपणारी प्रणाली बसवण्याच्या योजनेच्या बातम्या आल्या आणि त्यावर टीकाही झाली. अशी प्रणाली गुन्हेगाराचे शब्द टिपते तसेच बँकेचा पासवर्डही टिपते. २६ जुलै २००८ च्या अहमदाबाद स्फोटांच्या वेळची मेल मात्र कॅफेतून आलीच नाही. ती नवी मुंबईत सानपाड्याला राहणाऱ्या एका अमेरिकन नागरिकाच्या वाय-फायमध्ये शिरून पाठवलेली निघाली. वही कॅफेच्या टेबलावर, आणि चोर खिडकीखालच्या रस्त्यावर.

१४/
नोंद चुकली तर काय होते, याचे उदाहरण पुण्याच्याच पोलिसी इतिहासात आहे. ऑर्कुट या संकेतस्थळावर छत्रपती शिवाजी महाराजांविषयी अवमानकारक मजकूर टाकला गेल्याच्या प्रकरणात २००७ च्या ऑगस्टअखेरीस पुणे पोलिसांनी बंगळूरच्या एका तरुण संगणक अभियंत्याला अटक केली. पुरावा एकच होता. इंटरनेट कंपनीने दिलेली माहिती, की अमुक वेळी अमुक आयपी पत्ता या ग्राहकाकडे होता. ती माहिती चुकीची होती. तो मजकूर त्याने टाकलाच नव्हता. हे स्पष्ट होऊन सुटका होईपर्यंत त्याचे सुमारे ५० दिवस येरवड्याच्या तुरुंगात गेले. हा तरुण कोणत्याही कॅफेत बसला नव्हता. त्याने लपवायला हवे असे काही केलेलेही नव्हते. ‘ज्याने काही वाईट केले नाही त्याला नोंदींची भीती कशाला’ हा युक्तिवाद या ५० दिवसांपुढे उभा राहत नाही.

१५/
११ एप्रिल २०११ रोजी केंद्राने सायबर कॅफेंसाठी स्वतंत्र नियम अधिसूचित केले. ते मुळातून वाचण्यासारखे आहेत. नोंदणी सक्तीची. ओळखपत्राशिवाय कोणालाही संगणक द्यायचा नाही. नाव, पत्ता, वेळ यांची वही किमान एक वर्ष जपायची आणि दर महिन्याच्या पाच तारखेपर्यंत तिचा अहवाल पाठवायचा. वेबकॅमने छायाचित्र घेण्याची मुभा. कप्प्याची भिंत जमिनीपासून साडेचार फुटांहून उंच नको. कप्प्याबाहेरच्या संगणकांचे पडदे मोकळ्या जागेकडे वळलेले हवेत. आणि सर्वांत महत्त्वाचे, कोणत्या संगणकावर कोणती संकेतस्थळे पाहिली गेली याची नोंदही किमान वर्षभर ठेवायची.

१६/
हॉलमधल्या संगणकाची मांडणी आता राजपत्रात आली. गिऱ्हाईक उठताना ब्राउझरची हिस्ट्री पुसत होते, आणि तीच हिस्ट्री काउंटरच्या यंत्रात नावानिशी वर्षभर राहावी असा नियम होता. प्रत्येक दुकानदाराने तो काटेकोर पाळला असे मानण्याचे कारण नाही. कित्येक वह्यांत नाव आणि सही यांपलीकडे काही नसे. तरी इतिहासाच्या विद्यार्थ्याची येथे पंचाईत होते. या वह्या एखाद्या पोटमाळ्यावर टिकल्या असतील, तर २००० नंतरच्या शहरी जीवनाचे ते अमोल साधन ठरेल. आणि ज्यांची नावे त्यांत आहेत, त्यांच्या दृष्टीने त्या वेळेवर रद्दीत गेलेल्याच बऱ्या. दोन्ही बाजू खऱ्या आहेत, आणि त्यांतली दुसरी अधिक वजनाची आहे.

१७/
इकडे सॉफ्टवेअरच्या बाजूने निराळाच उपाय घडत होता. २००५ च्या एप्रिलमध्ये ॲपलच्या सफारी ब्राउझरमध्ये ‘प्रायव्हेट ब्राउझिंग’ आले. २००८ मध्ये गूगल क्रोम आले ते ‘इनकॉग्निटो’सह. २००९ मध्ये मायक्रोसॉफ्टने ‘इनप्रायव्हेट’ दिले, त्याच वर्षी फायरफॉक्सही आला. ही सोय कशासाठी, तर जोडीदारासाठी गुपचूप भेटवस्तू घेता यावी म्हणून, असे उदाहरण त्या काळी हटकून दिले जाई. जगात एवढ्या भेटवस्तू गुपचूप खरेदी होत असतील, तर संसार फारच सुखाचे म्हणायचे.

१८/
या खासगी खिडकीचे काम नेमके एवढेच. ती बंद केली की त्या सत्रातली पानांची यादी, कुकीज, साठवलेली चित्रे आणि अर्जातला मजकूर त्या संगणकावर मागे राहत नाही. लॉगिनही संपते. मात्र एकच खिडकी उघडी राहिली तरी सत्र चालूच असते, हे अनेकांना ठाऊक नसते. २०१० मध्ये स्टॅनफर्ड विद्यापीठातल्या संशोधकांनी चार प्रमुख ब्राउझरांची ही सोय तपासली, तेव्हा ब्राउझरला जोडलेले विस्तार आणि प्लगइन यांमधूनही माग गळतो असे दिसून आले.

१९/
म्हणजे ही खिडकी पुढच्या खुर्चीवर बसणाऱ्यापासून वाचवते. काउंटरवरच्या प्रॉक्सीच्या नोंदीपासून नाही, इंटरनेट कंपनीपासून नाही, भेट दिलेल्या संकेतस्थळापासून नाही आणि कळा टिपणाऱ्या प्रणालीपासून तर नाहीच. मगरपट्ट्याच्या सायबर सिटीत कंपनीच्या संगणकावर इनकॉग्निटो उघडून दुसरी नोकरी शोधणारा अभियंता शेजारच्या सहकाऱ्यापासून लपतो, कंपनीच्या नेटवर्कपासून नाही. ज्या अडचणीत भाटिया आणि स्मिथ होते तेथेच तोही आहे. फरक एवढाच की त्या दोघांना आपण पाहिले जाऊ शकतो हे माहीत होते. म्हणून त्यांनी फ्लॉपी वापरली.

२०/
हा गैरसमज केवळ सामान्यांचा नव्हता. इनकॉग्निटोमध्येही गूगल माहिती गोळा करते, या आरोपावरून २०२० मध्ये अमेरिकेत खटला दाखल झाला. २०२४ मधल्या तडजोडीत गूगलने अब्जावधी नोंदी नष्ट करण्याचे मान्य केले आणि खासगी खिडकीवरची सूचना अधिक स्पष्ट शब्दांत लिहिली. काळी टोपी आणि चष्मा घातलेले चित्र पाहून सोळा वर्षे लोकांनी जे गृहीत धरले, त्याचा खुलासा अखेर खटल्याच्या निमित्ताने झाला. आपल्याकडे २४ ऑगस्ट २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी पुट्टस्वामी खटल्यात खासगीपणा हा मूलभूत अधिकार ठरवला, तोपर्यंत कॅफेंचा काळ जवळजवळ सरला होता. २०१६ च्या सप्टेंबरपासून जिओने डेटा स्वस्त केला आणि जो तो आपल्या मोबाइलमध्ये गेला.

२१/
तरी सामायिक संगणक संपलेला नाही, त्याचे काम बदलले आहे. ‘ऑनलाइन फॉर्म भरून मिळतील’ अशा पाट्यांची दुकाने हडपसरमध्येही आहेत आणि अकरावीचे प्रवेश, शिष्यवृत्ती, जातीचे दाखले, भरतीचे अर्ज यांसाठी तेथे रांगा लागतात. पूर्वी गिऱ्हाईक स्वतः कळफलकावर बसे. आता समोरचा माणूस टंकतो आणि गिऱ्हाईक ओटीपी मोठ्याने सांगते. मागे राहते ते पाहिलेल्या पानांच्या यादीहून गंभीर असते : आधार, पॅन, गुणपत्रिका, पासबुकाचे पहिले पान, सारे एका फोल्डरमध्ये, शेकडो अनोळखी लोकांच्या कागदांशेजारी.

२२/
२७ मे २०२२ रोजी आधार प्राधिकरणाच्या बंगळूर कार्यालयाने एक सूचना काढली होती. मुख्यतः ती आधारच्या झेरॉक्स कोणालाही देऊ नका अशी होती. पण सायबर कॅफेतल्या संगणकावर ई-आधार उतरवणे टाळा, आणि उतरवलेच तर सर्व प्रती कायमच्या पुसा, असेही तिच्यात म्हटले होते. लोकांत घबराट पसरली आणि गैरअर्थ काढला जाईल या कारणाने दोनच दिवसांत ती मागे घेतली गेली.

२३/
सूचना मागे गेली तरी यंत्राचे वागणे बदललेले नाही. खासगी खिडकी बंद केल्यावर हिस्ट्री जाते, कुकीज जातात. उतरवलेली फाइल मात्र ‘डाउनलोड्स’मध्ये तशीच राहते. नुसते ‘डिलीट’ दाबले तर ती रिसायकल बिनमध्ये जाते आणि तेथून कोणीही परत काढू शकतो. शिफ्ट आणि डिलीट या कळा एकत्र दाबल्या तर ती बिनमध्ये थांबत नाही. व्हॉट्सॲप वेब उघडले असेल तर तेथून बाहेर पडल्याची खात्री स्वतःच्या मोबाइलमधल्या ‘लिंक्ड डिव्हाइसेस’मध्ये करता येते, दुकानातून घरी पोचल्यावरसुद्धा. आणि झेरॉक्ससाठी दुकानदाराला मेलवर किंवा व्हॉट्सॲपवर पाठवलेली प्रत त्याच्या खात्यात राहते. ती पुसायला त्यालाच सांगावे लागते.